नवऱ्याचे पणजोबा 1880 च्या सुमारास लंडनच्या वर्कहाउसमध्ये वाढले, रेकॉर्ड कुठे मिळेल?
आधी 1881 च्या जनगणनेत त्यांचं नाव शोधा (फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे), तिथून वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायची संस्था) कुठलं ते कळलं की त्याच्या पुअर लॉ युनियनची (गरिबांची सोय बघणाऱ्या स्थानिक कारभाराची) रजिस्टरं द लंडन आर्काइव्ह्ज या लंडनच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात मिळतील, बरीचशी वंशावळीच्या दुसऱ्या एका वेबसाइटवर म्हणजे अ‍ॅन्सेस्ट्रीवर स्कॅन केलेलीपण आहेत. 1834 च्या गरिबांच्या मदतीविषयीच्या कायद्यानंतर कारभार युनियननुसार चालायचा म्हणून रेकॉर्डही तसेच लावलेत, नुसतं आडनाव टाकून शोधलंत तर ढिगाने भलतेच लोक येतील. माझ्या मते भरती-डिस्चार्जच्या वहीपेक्षा क्रीड रजिस्टर भारी, धर्म लिहायला ठेवलेलं पण त्यात जन्मसाल, कुठून आणलं, कधीकधी जवळच्या नातेवाइकाचा पत्तासुद्धा सापडतो. फक्त एक आहे, बरीच पोरं युनियनच्या वेगळ्या शाळेत पाठवलेली असायची, तेव्हा वर्कहाउसमध्ये नाव नाही दिसलं तर शाळेची रजिस्टरं बघा.