वाचक विचारतात : प्लंजर पंप आणि डोसिंग पंप

जास्त दाबाने द्रव ढकलणारे प्लंजर पंप आणि ठरावीक मापाने रसायन सोडणारे डोसिंग पंप यांच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. दोन्हींचे मूळ तत्त्व एकच असल्यामुळे पहिल्या उत्तरातील हिशेब पुढेही उपयोगी पडेल.

प्रश्न : सेंट्रिफ्युगल पंप चालू असताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद राहिला तरी फारसे बिघडत नाही. मग प्लंजर पंपाच्या बाबतीत ‘व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय पंप सुरू करू नका’ अशी सक्त ताकीद का असते? पंपाच्या पाटीवर दाबाचा आकडा लिहिलेला असतो. त्याहून जास्त दाब पंप देणारच नाही ना?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातली समजूत अनेकांची असते आणि ती धोक्याची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. सेंट्रिफ्युगल पंपात फिरणारा इंपेलर द्रवाला वेग देतो व त्या वेगाचा दाब होतो. पुढची वाट बंद झाली तर द्रव केसिंगमध्येच घुसळत राहतो आणि दाब एका मर्यादेला जाऊन थांबतो. प्लंजर पंपात मात्र इंजेक्शनच्या सिरिंजप्रमाणे एक गुळगुळीत दांडा बंद पोकळीत मागे-पुढे होतो. तो मागे सरकला की पोकळीतला दाब उतरतो, खालच्या सक्शन व्हॉल्व्हची गोळी उचलली जाते आणि द्रव आत येतो. तो पुढे आला की ती गोळी सीटवर बसते, वरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची गोळी उचलली जाते आणि प्लंजरने जितकी जागा व्यापली तितकाच द्रव बाहेर पडतो.

आकड्यांत पाहायचे तर, प्लंजरचा व्यास २५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे तो एका वेळी पुढे सरकतो ते अंतर, ४० मिलिमीटर असेल तर एका स्ट्रोकला सुमारे १९.६ मिलिलिटर द्रव सरकतो. मिनिटाला १०० स्ट्रोक धरले तर तासाला सुमारे ११८ लिटर होतात. व्हॉल्व्हच्या सीटवरून मागे झिरपणारा व अन्य कारणांनी कमी भरणारा द्रव वजा जाता व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ९५ टक्के धरली तर हाती सुमारे ११२ लिटर येतात. या सगळ्या हिशेबात दाब कुठेही आलेला नाही, हे लक्षात घ्यावे. दाब किती चढेल हे पुढच्या लाइनमधला विरोध ठरवतो, आणि पाटीवरचा आकडा पंपाचे भाग व मोटर किती सोसतील एवढेच सांगतो.

आता व्हॉल्व्ह बंद आहे आणि पंपाच्या हेडपासून तिथपर्यंत १ लिटर पाणी कोंडलेले आहे, असे समजा. पाणी १०० बार दाबाखालीही अर्ध्या टक्क्याहून कमी आकसते. त्या १ लिटरमध्ये एका स्ट्रोकचे १९.६ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ २ टक्के, आणखी घुसवायचे झाले तर पाइपचे प्रसरण बाजूला ठेवून दाब ४०० बारच्याही वर जातो. प्रत्यक्षात तिथवर पोहोचण्याआधीच गॅस्केट फाटते, पाइप फुटतो, गिअर बॉक्सला मार बसतो किंवा नशीब बरे असेल तर मोटर ट्रिप होते. हे सारे घडायला एक-दोन स्ट्रोक पुरतात, त्यामुळे धावत जाऊन स्विच बंद करण्याइतका वेळ मिळत नाही.

म्हणून पंप आणि त्यानंतरचा पहिला बंद करता येणारा व्हॉल्व्ह यांच्या मध्ये सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. तो साधारणपणे कमाल कार्यदाबाच्या १० टक्के वर लावतात, मात्र हा आकडा लाइनच्या किंवा पंपाच्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. त्याची परतीची लाइन टाकीत आणावी. शक्य झाल्यास पडणारा द्रव डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह गुपचूप उघडा राहून डोस कमी पडत असेल तर ते लगेच कळते. या परतीच्या लाइनवर बंद करण्याचा व्हॉल्व्ह कधीही बसवू नये.

प्रश्न : आमच्या प्लंजर पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब गळते. ऑपरेटर नट आवळतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा गळती सुरू होते. नवे पॅकिंग घातले तरी तेच. पिस्टन पंपात हा त्रास नसतो असे ऐकले. ते खरे आहे का?

उत्तर : पिस्टन पंपात सील पिस्टनवर बसलेले असते व त्याच्याबरोबर सरकते, म्हणून तिथे सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत लागते. प्लंजर पंपात पॅकिंग, म्हणजे गळती अडवणाऱ्या कड्या, प्लंजरभोवतीच्या पोकळीत (स्टफिंग बॉक्समध्ये) एका जागी राहते, ग्लँड हे झाकण नटांनी आवळून ते दाबून धरते आणि प्लंजर त्यातून सरकतो. या रचनेमुळे जास्त दाब पेलता येतो व पॅकिंग बाहेरून आवळता येते. मात्र गळती झाली तर ती बाहेर दिसते. पिस्टनचे सील झिजले तर गळती आतल्या आत होते, एवढाच फरक आहे.

साध्या दोरी-पॅकिंगला थोडे ठिबकणे आवश्यक असते, कारण तोच द्रव पॅकिंगला ओलावा आणि गारवा देतो. ठिबकणे पूर्ण थांबेपर्यंत नट आवळले की पॅकिंग कोरडे घासते, तापते, कडक होते आणि प्लंजरवर ओरखडे पाडते. त्यानंतर कितीही चांगले पॅकिंग घातले तरी ते ओरखडे त्याला करवतीसारखे कापत राहतात. आपल्याकडे बहुधा हेच घडत असावे. पंप बंद करून, वीज तोडून, दाब उतरवून आणि रसायन धुऊन काढल्यावर प्लंजर स्वच्छ पुसा आणि त्याच्या लांबीवरून व घेरावरून नख फिरवा. नख कुठेही अडकले तर आधी प्लंजर बदला, मगच पॅकिंगला हात लावा.

नवे पॅकिंग घालताना प्रत्येक कडीचा जोड आधीच्या कडीच्या जोडासमोर येऊ देऊ नये. व्ही आकाराचे पॅकिंग असेल तर त्याचे उघडे तोंड दाबाच्या बाजूला हवे. ते उलटे बसले तर कितीही आवळून गळती थांबत नाही. ग्लँडचे दोन्ही नट सारखे आणि एका वेळी षट्कोनी नटाची एक बाजू सरकेल इतकेच फिरवावेत, मग पंप थोडा वेळ चालवून पाहावे. सुकल्यावर स्फटिक होणारे रसायन असेल तर लँटर्न रिंगमधून, म्हणजे पॅकिंगच्या कड्यांमध्ये बसवलेल्या छिद्रे असलेल्या कडीतून, स्वच्छ पाण्याचे फ्लशिंग द्यावे, कारण ते स्फटिकच पॅकिंग खातात.

ठिबकणारा द्रव विषारी किंवा ज्वालाग्राही असेल, तर मात्र ग्लँडशी झुंजत बसण्यापेक्षा हायड्रॉलिक डायफ्रॅम पंप घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात प्लंजर तेल ढकलतो, तेल डायफ्रॅमला, म्हणजे लवचिक पडद्याला, ढकलते आणि रसायन डायफ्रॅमच्या पलीकडेच राहते. दुहेरी डायफ्रॅम असेल तर एक फाटल्यावर मधल्या जागेतला दाब वाढून इशारा मिळतो.

प्रश्न : पिण्याच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट सोडण्यासाठी आमच्याकडे छोटा डायफ्रॅम डोसिंग पंप आहे. सकाळी तो नीट चालतो, पण दुपारी टकटक आवाज चालू असूनही पाण्यात क्लोरीन सापडत नाही. स्ट्रोकची लांबी ठरवणारा नॉब १५ टक्क्यांवर असतो. तो पूर्ण फिरवला की पंप पुन्हा चालू लागतो. पंप खराब समजायचा का?

उत्तर : आपण दिलेल्या खुणांवरून पंपात वायू अडकत असावा. हायपोक्लोराइटचे सावकाश विघटन होत असते आणि त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. उष्णतेने हा वेग वाढतो, म्हणून दुपारी टाकी आणि सक्शनची नळी तापली की त्रास सुरू होतो. बुडबुडे हेडमध्ये जमले की डायफ्रॅम द्रवाऐवजी वायूलाच दाबतो आणि सोडतो. आवाज येत राहतो, पण गोळ्या उचलल्या जात नाहीत.

नॉब पूर्ण फिरवल्यावर पंप का सुधारतो, याचे उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. डायफ्रॅम पूर्ण पुढे आल्यावर हेडमध्ये ५ मिलिलिटर जागा उरते आणि पूर्ण स्ट्रोक १० मिलिलिटरचा आहे, असे धरू. हेड वायूने भरले असेल तर पूर्ण स्ट्रोकला १५ मिलिलिटरचे ५ होतात, म्हणजे वायू तिप्पट दाबला जाऊन वातावरणाच्या १ बारवरून निरपेक्ष (म्हणजे वातावरणाचा दाब धरून मोजलेल्या) ३ बारपर्यंत पोहोचतो. नॉब १५ टक्क्यांवर असताना मात्र ६.५ मिलिलिटरचे ५ होतात आणि दाब जेमतेम १.३ बार होतो. लाइनमधला निरपेक्ष दाब २.५ बार असेल, तर पहिल्या स्थितीत वायू बाहेर ढकलला जातो आणि दुसऱ्या स्थितीत डिलिव्हरी व्हॉल्व्ह दिवसभरात एकदाही उघडत नाही. पंप निर्दोष असूनही असे घडते.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे : स्ट्रोकची लांबी मोठी ठेवा आणि डोस कमी करायचा तो मिनिटाचे स्ट्रोक घटवून करा. तेवढ्यानेही डोस जास्तच होत असेल तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे, त्याला लहान हेड बसवावे. दुसरे म्हणजे पंप टाकीच्या तळाजवळच्या पातळीवर आणा, म्हणजे द्रव आपल्या वजनाने आत येईल. पंप टाकीच्या वर असेल तर सक्शनमध्ये दाब उतरतो आणि बुडबुडे आणखी फुगतात. सक्शनची नळी आखूड असावी व तिच्यात वायू साठेल असा उंच वळसा कुठेही नसावा. टाकी व नळीवर सावली करावी, हेडवर वायू सोडणारा व्हेंट व्हॉल्व्ह असलेला पंप मिळत असेल तर तो घ्यावा.

आणखी दोन गोष्टी आपण विचारलेल्या नाहीत, पण हायपोक्लोराइट हाताळणाऱ्या प्रत्येकाला त्या ठाऊक असायलाच हव्यात. दोन व्हॉल्व्ह बंद करून त्यांच्यामधल्या नळीत हे रसायन कोंडून ठेवू नये. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तरी त्याच्या बॉलच्या पोकळीत थोडे रसायन अडकते आणि सुटणाऱ्या वायूने व्हॉल्व्ह फुटू शकतो. म्हणून पोकळीला छिद्र असलेले व्हॉल्व्ह वापरतात. दुसरे असे की, हेडमध्ये बसलेला पांढरा थर काढण्यासाठी ॲसिड वापरायचे असेल, तर त्याआधी पंप आणि नळ्या भरपूर पाण्याने धुतल्याच पाहिजेत. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवघेणा आहे.

प्रश्न : नॉब १०० वर असताना तासाला ६० लिटर देणारा पंप ५० वर ३० लिटर देईल, असे गृहीत धरावे का?

उत्तर : धरू नये. नॉबवरचा आकडा स्ट्रोकची लांबी सांगतो. प्रवाह त्याच्या जवळपास सरळ रेषेत बदलतो, पण ती रेषा शून्यातून जाईलच असे नाही. दाब असलेल्या लाइनमध्ये नॉब पाचच्या आसपास असतानाच प्रवाह शून्यावर येऊ शकतो. डोसिंग पंपांसाठी वापरल्या जाणाऱ्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ६७५ या मानकात स्थिर प्रवाहाची अचूकता अधिक-उणे १ टक्का मागितली आहे, पण ती दाब, वेग आणि सेटिंग न बदलता चालणाऱ्या पंपाची आहे. नॉबकडे पाहून काढलेल्या अंदाजाला ती लागू होत नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे सक्शन लाइनवर कॅलिब्रेशन कॉलम, म्हणजे मापाच्या खुणा असलेली उभी नळी, बसवणे. कॉलम भरून घ्यावा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाला कॉलममधूनच ओढू द्यावे आणि ठरावीक वेळात पातळी किती उतरली ते वाचावे. एका मिनिटात ५०० मिलिलिटर उतरले तर तासाला ३० लिटर होतात. ही चाचणी लाइनच्या प्रत्यक्ष दाबावर करावी. डिलिव्हरीची नळी सोडून बादलीत घेतलेले माप फसवे असते. नॉबच्या चार-पाच आकड्यांवर माप घेऊन तक्ता पंपाजवळ लावावा, आणि व्हॉल्व्ह किंवा डायफ्रॅम बदलल्यावर तो नव्याने करावा.

माप हिशेबापेक्षा जास्त भरत असेल तर लाइनचा दाब पाहावा. टाकी उंचावर आणि डोस सोडण्याची जागा खाली असेल, तर गोळ्या उचलून द्रव आपोआप वाहतो आणि पंप बंद असतानाही टाकी रिकामी होत राहते. तिथे डिलिव्हरीवर ठरावीक दाब आल्याशिवाय न उघडणारा बॅक प्रेशर व्हॉल्व्ह लागतो.

प्रश्न : प्लंजर पंपाच्या सक्शन लाइनमध्ये ठोके बसतात आणि पाइप हलतो. टाकी पंपापासून लांब आहे. पाइप तर पंपाच्या तोंडाच्याच मापाचा आहे.

उत्तर : पाइपचे माप सरासरी प्रवाहावरून ठरवले गेले असावे. एकाच प्लंजरच्या पंपात अर्धा फेरा द्रव आत येतच नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात प्रवाह शून्यापासून चढून सरासरीच्या सुमारे ३.१४ पट होतो व पुन्हा शून्यावर येतो. पहिल्या उत्तरातल्या ११८ लिटरच्या पंपाला क्षणभर तासाला ३७० लिटरच्या वेगाने द्रव हवा असतो. शिवाय पाइपमधला सगळा द्रव प्रत्येक स्ट्रोकला थांबलेल्या स्थितीतून गतीत आणावा लागतो. त्यासाठी खर्च होणारा दाब पाइपच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, आणि पंपाचा वेग दुप्पट केला तर चौपट होतो. हा दाब टाकीकडून मिळाला नाही तर पंपाच्या तोंडाशी द्रवाची वाफ होते, ती लगेच विरते आणि ठोका बसतो.

टाकी जवळ आणणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर पाइप एक-दोन माप मोठा घ्यावा, वेग कमी करावा आणि सक्शनचा स्ट्रेनर तुंबलेला नाही ना हे आधी पाहावे. तीन प्लंजरच्या पंपात प्रवाह बराच सपाट होतो, पण तेवढ्यासाठी पंप बदलण्याआधी पंपाच्या सक्शन तोंडाजवळ पल्सेशन डँपनर, म्हणजे आत नायट्रोजन भरलेली रबरी पिशवी (ब्लॅडर) असलेले व प्रवाहाचे धक्के झेलणारे भांडे, बसवून पाहावा. डिलिव्हरीसाठी भरलेला डँपनर तसाच सक्शनला लावू नये. तिथला दाब कमी असल्यामुळे ब्लॅडर पूर्ण फुगून बसतो आणि काहीच काम करत नाही. त्यातला नायट्रोजनचा दाब तपासताना किंवा भरताना लाइनमधला दाब शून्यावर आणलेला असावा, नाहीतर गेज लाइनचाच दाब दाखवतो.