पाचव्या महिन्यातली फाईल, गोळ्या आणि घरचे सल्ले

पाचवा महिना लागलाय, डॉक्टर दोन मिनिटांत तपासून 'सगळं नॉर्मल' म्हणतात आणि गोळ्या लिहून देतात, घरी सासूबाई म्हणतात लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, मग ऐकू कोणाचं, असं तू विचारलंयस. माझी दोन्ही बाळंतपणं गोव्यातच झाली, पहिल्या वेळी आम्ही वाळपईकडे राहायचो, नंतर फोंड्याला आलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळ्यांचं, कारण तिथे मी स्वतः चुकलेय. पहिल्या खेपेला माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. गोळी एक दिवस चुकवली नाही, तरी दीड महिन्यानं रिपोर्ट ९.५ चा. नंतर एका नर्सबाईंनी विचारलं, कशी घेतेस गं? तेव्हा कळलं, मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र दुधाबरोबर घ्यायचे आणि वर लगेच चहा. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. चिठ्ठीवर नुसतं १-०-१ होतं, बाकी कोणी काही बोललंच नव्हतं. तेव्हापासून कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी निदान दोन तासांच्या अंतरानं लिंबूपाण्यासोबत, असं केलं आणि पुढच्या रिपोर्टला आकडा खरंच वर गेला. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नकोस, पोट फारच बिघडलं तर आपणहून बंद न करता डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून देतात. आणि बाळाचा रंग आईबापाकडून येतो गं, गोळीतून नाही. सासूबाईंशी वाद घालू नकोस, पुढच्या चेकअपला त्यांनाच सोबत ने आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर नर्सबाईंना विचार, माझ्या घरी तो विषय तिथेच मिटला.

फाईल नुसती सांभाळायची नसते, वाचायची असते. चारच गोष्टी बघ. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदरपणात ते कमीच धरतात, ७ च्या खाली गेलं तर गंभीर. बीपी १४०/९० किंवा वर असेल तर 'नॉर्मल' म्हणून घरी यायचंच नाही, पुढे काय करायचं ते विचारूनच उठायचं. लघवीत प्रोटीन आहे का. आणि साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात ती, १४० च्या आत हवी, ही टेस्ट आधी झाली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करतात, म्हणजे तुझी आता जवळच आलीय.

डॉक्टरांना वेळ नसतो हे खरंय. मी प्रश्न वहीत लिहून न्यायचे, तीनच, जास्त नाही. आणि ते काही बोलले की आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे, 'म्हणजे मी ही गोळी रात्री घ्यायची, बरोबर ना?' चूक असेल तर ते तिथेच सुधारतात. लाज वाटायची सुरुवातीला, पण गोळ्यांचा घोळ झाल्यावर लाज सोडली. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत खास तपासणी असते, ती चुकवू नकोस.

खाण्याचं म्हणशील तर आपल्याकडे सगळं घरातच आहे, नाचण्याचं तिजाण म्हणजे पेज, तांबडी भाजी, कुळीथ, तारले, बांगडे. फक्त मोरी म्हणजे शार्क मासा नको, मोठ्या माशांत पारा जास्त असतो, विसवण म्हणजे सुरमईसुद्धा क्वचितच. खारं आणि लोणचं बीपी वाढलेलं असेल तर हात आखडून. पिकलेला पपई चालतो, कच्चा नको. सर्दीला थोडी फेणी चालते असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नकोस, दारूचा थेंबही नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आठव्या महिन्यात माझा चेहरा सुजला, सगळ्या म्हणाल्या सूज येतेच, पायांवर येतेही, पण तोंडावर आणि हातांवर एकाएकी आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबायचं नाही. माझं बीपी १५०/१०० निघालं, आणखी एक रात्र काढली असती तर काय झालं असतं कोण जाणे. रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, बरगड्यांखाली पोटात दुखणं, झटके, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. हालचालीचं २८ आठवड्यांनंतर लक्ष ठेव, कुशीवर शांत पडून मोजायचं, दोन तासांत दहा तरी व्हायला हव्यात.

तुम्ही आत गावात राहता म्हणालीस, तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायला रात्री कोणाची गाडी मिळेल हे आजच शेजारी विचारून ठेव, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि तुझं हिमोग्लोबिन किती आहे ते लिहिलंच नाहीस, फाईल उघडून बघ आणि इथे टाक.