वाचकांचे प्रश्न : ‘बटण ऐकत नाही’ असे खेळाडू म्हणतो तेव्हा

या वेळची बहुतेक पत्रे एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या गटाने गेम तयार करणाऱ्या वाचकांची आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण ती अडचण जवळजवळ प्रत्येक नव्या गेमकाराला येते आणि तिचे निदान बहुधा चुकते.

प्रश्न : मी एक द्विमितीय प्लॅटफॉर्मर गेम, म्हणजे कड्यांवरून उड्या मारत पुढे जाण्याचा गेम, तयार करत आहे. उडीचा कोड अनेकदा तपासला असून तो बरोबर चालतो. तरीही खेळून पाहणारे म्हणतात की बटण दाबले तरी पात्र उडी मारत नाही, आणि मारलीच तर उडी जड वाटते. चूक माझी की त्यांची?

उत्तर : तुमचा कोड यंत्राच्या हिशेबाने बरोबर आहे आणि खेळणाऱ्याची तक्रारही खरी आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. पात्राचा पाय कड्यावरून सुटल्यावर दोन फ्रेमनी बटण दाबले गेले, तर यंत्राच्या लेखी पात्र हवेत आहे, आणि हवेत असताना उडी मारता येत नाही असा नियम तुम्हीच लिहिलेला आहे. खेळणाऱ्याने मात्र कडा संपता संपता, अगदी वेळेवर बटण दाबलेले असते; ते दोन फ्रेमचे अंतर त्याला दिसतही नाही आणि जाणवतही नाही. त्याला जाणवते ते एवढेच, की आपण सांगितले आणि गेमने ऐकले नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे कडा सोडल्यानंतरही थोडा वेळ उडीची मुभा चालू ठेवणे. गेमकारांच्या बोलीत याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. २०१८ मध्ये आलेल्या ‘सेलेस्ट’ या गेमच्या पात्राचा कोड त्याच्या निर्मात्यांनी सर्वांना वाचण्यासाठी खुला केलेला आहे, आणि त्यात ही मुभा ०.१ सेकंदाची, म्हणजे सहा फ्रेमची आहे. त्याच कोडमध्ये आणखी एक बारकावा सापडतो : वर जाताना पात्राचे डोके छताच्या कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत अडत असेल, तर उडी तोडण्याऐवजी पात्राला हळूच बाजूला सरकवून वाट मोकळी करून दिली जाते. ‘सेलेस्ट’ हा सोपा गेम म्हणून कोणी ओळखत नाही, उलट त्याची ख्याती अवघडपणासाठी आहे. आणि माझ्या मते तो अवघडपणा लोकांनी आनंदाने सोसला, याचे मोठे श्रेय अशा न दिसणाऱ्या सवलतींना आहे.

याची दुसरी बाजू जमिनीवर उतरतानाची आहे. पात्र जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले गेले, तर ती सूचना फेकून न देता चार-सहा फ्रेम लक्षात ठेवावी आणि पाय टेकताच उडी सुरू करावी. काटे, गोळ्या आणि शत्रू यांचा प्रत्यक्ष लागण्याचा भाग चित्रापेक्षा थोडा लहान ठेवावा. उचलून घ्यायच्या वस्तूंचा मात्र चित्रापेक्षा थोडा मोठा. असे केल्याने खेळ सोपा होऊन त्याची किंमत कमी होईल, अशी शंका काही वाचकांनी यापूर्वीही घेतली होती. ती मला पटत नाही. अवघडपणा पातळीच्या रचनेत असावा, बटणाच्या कंजूषपणात नसावा.

उडीच्या जडपणाचे कारण वेगळे आहे. बहुतेक जण गुरुत्वाकर्षणासाठी एक आणि उडीच्या वेगासाठी एक असे दोन आकडे अंदाजाने टाकतात आणि मग दिवसचे दिवस ते खालीवर करत बसतात. त्यापेक्षा उलट बाजूने यावे : उडी किती उंच हवी आणि शिखर गाठायला किती वेळ लागावा हे आधी ठरवावे, आणि आकडे त्यावरून काढावेत. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले की गुरुत्वाकर्षण मिळते. त्याच दुपटीला नुसत्या वेळेने भागले की सुरुवातीचा वेग मिळतो. पातळी ज्या चौकटींची बनलेली असते तशा चार चौकटी उंच उडीने ०.४ सेकंदात शिखर गाठायचे असेल, तर वेग सेकंदाला २० चौकटी येतो आणि तो दर सेकंदाला ५० चौकटींनी घटत जातो. एवढे झाल्यावर खाली येताना गुरुत्वाकर्षण दीड ते दोन पट करून पाहा, आणि बटण लवकर सोडल्यास वर जाण्याचा वेग तेथेच कापा, म्हणजे छोटी आणि मोठी उडी खेळणाऱ्याच्या बोटाच्या ताब्यात येईल. जडपणाची तक्रार बहुतेक वेळा येथेच मिटते.

धूळ उडवणे, पडदा हलवणे, आवाज घालणे ही कामे त्यानंतरची. व्लाम्बीर या गेम तयार करणाऱ्या डच जोडगोळीतील यान विलेम नाइमन यांनी २०१३ मध्ये दिलेले एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी एका रटाळ गोळीबाराच्या गेममध्ये असे बारकावे एकेक करून मिसळले आणि तो डोळ्यांदेखत जिवंत केला. ते जरूर पाहावे, मात्र बिघडलेली उडी झाकण्यासाठी हे तंत्र वापरू नये.

प्रश्न : माझ्या गेममधील पातळ्या संगणक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे फासे टाकल्यासारख्या, तयार करतो. काही पातळ्या कंटाळवाण्या निघतात आणि काही तर पार करणेच अशक्य असते. शिवाय ‘गेम फसवतो’ असे ऐकावे लागते, ते वेगळेच.

उत्तर : येथे दोन प्रश्न आहेत. पहिल्यासाठी डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ची रचना अभ्यासावी. २००८ मध्ये मोफत प्रसिद्ध झालेल्या या गेममध्ये प्रत्येक पातळी चार गुणिले चार अशा सोळा खोल्यांची असते. संगणक आधी वरच्या ओळीतील एका खोलीपासून खाली उतरत जाणारी वाट आखतो, आणि त्या वाटेवरच्या खोल्यांसाठी असेच साचे निवडतो ज्यांची आवश्यक तोंडे उघडी आहेत. बाहेर पडण्याचा मार्ग अशा रीतीने आधीच पक्का होतो आणि नशिबाचा खेळ त्यानंतर सुरू होतो. साचे माणसाने हाताने बनवलेले आहेत, हेही विसरू नये. कंटाळवाणी पातळी निघते तेव्हा दोष बहुधा संगणकाचा नसतो; त्याला दिलेले साचेच थोडे आणि एकसुरी असतात.

दुसरा प्रश्न मनाचा आहे. खरे यादृच्छिक आकडे माणसाला खरे वाटत नाहीत. ९० टक्के यशाची शक्यता पडद्यावर वाचलेला खेळाडू ती मनात ‘नक्की’ अशी नोंदवतो आणि दहातला तो एक वार चुकला की फसवणुकीचा आरोप करतो. ‘फायर एम्ब्लेम’ या मालिकेने २००२ पासूनच्या अनेक गेममध्ये यावर युक्ती योजली : शंभरपैकी एकाऐवजी दोन आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी पडद्यावरच्या टक्क्यांपेक्षा कमी आली तर वार लागला असे धरायचे. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसणारा वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो, आणि १० टक्के दिसणारा जेमतेम २ टक्के वेळा. ‘टेट्रिस’च्या अलीकडच्या आवृत्त्यांनी दुसरा मार्ग धरला. सातही तुकडे एका पिशवीत घालून ती रिकामी होईपर्यंत एकेक काढायचा, आणि मग पिशवी पुन्हा भरायची. हवा असलेला तुकडा दोनदा येण्याच्या मधे जास्तीत जास्त बारा इतर तुकडे येऊ शकतात, त्याहून अधिक नाहीत.

तिसराही मार्ग आहे आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. ‘इन्टू द ब्रीच’ या २०१८ च्या गेममध्ये प्रत्येक शत्रू पुढचा वार कोठे करणार, हे तुमची खेळी सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. नशिबाला जवळजवळ जागाच नसल्यामुळे हरलेला खेळाडू दोष स्वतःच्या खेळीत शोधतो. तुमच्या गेमला यातले काय मानवेल ते मी सांगू शकत नाही, पण ‘आकडे तर बरोबर आहेत’ हे उत्तर खेळाडूला देऊ नका. त्याला आकडे दिसत नाहीत. त्याला फक्त चुकलेला वार दिसतो.

प्रश्न : मित्रमंडळी माझ्या गेमचे कौतुक करतात, पण कोणीही तो दुसऱ्यांदा उघडत नाही. खरे मत कसे काढून घ्यावे?

उत्तर : मत विचारूच नये. समोर बसवावे, गेम सुरू करून द्यावा आणि तोंड बंद ठेवावे. हे वाटते त्यापेक्षा फार कठीण आहे, कारण समोरचा माणूस तिसऱ्यांदा एका शोभेच्या दारावर जाऊन बटण दाबत असतो आणि ‘अहो, ते दार उघडत नाही’ हे वाक्य तुमच्या जिभेवर आलेले असते. ते गिळावे आणि वहीत लिहावे की दार खरे वाटते. विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही हजर नसणार. नजर पडद्यापेक्षा हातांवर आणि चेहऱ्यावर असू द्यावी : कोठे बटणे पटापट, निरर्थक दाबली गेली, कोठे मजकूर न वाचताच पुढे ढकलला गेला, कोठे माणूस खुर्चीत पुढे सरकला.

एकाच माणसाला तुमचा गेम पहिल्यांदा खेळण्याची संधी एकदाच मिळते. म्हणून ओळखीच्या सगळ्यांना एकाच आठवड्यात बोलावून संपवू नका. दोघा-तिघांना दाखवा, दुरुस्ती करा, मग पुढच्यांना बोलवा. खेळून झाल्यावर ते जो उपाय सुचवतील तो नम्रपणे ऐकावा आणि बाजूला ठेवावा. घ्यायची ती त्यामागची तक्रार. ‘आणखी एक बंदूक द्या’ असे म्हणणाऱ्याला पुष्कळदा बंदूक नको असते, आहे त्याच बंदुकीची गोळी लागल्याचे त्याला कळत नसते.

सूचनांच्या पाट्या लावून हा प्रश्न सुटेल, असे मात्र समजू नका. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला पडदा पाहा : पात्र डाव्या बाजूला, उजवीकडे तोंड करून उभे, पुढे मोकळी जागा, आणि थोड्याच अंतरावर समोरून येणारा पहिला शत्रू. कोठे जायचे आणि काय टाळायचे, हे एक अक्षरही न लिहिता कळते.

प्रश्न : माझी कल्पना चोरीला जाईल या भीतीने मी ती कोणालाच सांगितलेली नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : भीती निराधार नाही, पण उपाय चुकीचा आहे. ‘थ्रीज’ हा अंकांचा गेम वर्षाहून अधिक काळ घडवून फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्चमध्ये त्याच्याशी नाते सांगणारा ‘२०४८’ आला. तो काही दिवसांत तयार झालेला आणि मोफत होता, आणि पाहता पाहता मूळ गेमपेक्षा अधिक लोकांच्या ओठांवर गेला. सर्वसाधारणपणे कॉपीराइटचे संरक्षण चित्रांना, संगीताला, मजकुराला आणि कोडला मिळते. खेळाच्या नियमांना मिळत नाही. पण ‘थ्रीज’ची नक्कल झाली ती तो बाहेर आल्यावर. अपुरा गेम लपवून ठेवल्याने हे टळत नाही, आणि खेळून पाहणाऱ्यांना मात्र तुम्ही मुकता.

प्रश्न : कोणते इंजिन, म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, शिकावे?

उत्तर : तुम्हाला ज्यात महिनाभरात एक छोटा गेम पूर्ण करता येईल ते. मुक्तस्रोत हवे असेल तर गोडो, कोड कमी लिहून द्विमितीय काम करायचे असेल तर गेममेकर. आणि निवडल्यावर तुलनेचे व्हिडिओ पाहणे बंद करावे.

प्रश्न : दोन वर्षे काम चालू आहे, तीस पातळ्या कागदावर तयार आहेत, गेम मात्र संपत नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ द्यावा का?

उत्तर : अशा वेळी ‘स्टारड्यू व्हॅली’ या गेमचा दाखला हमखास दिला जातो. एरिक बॅरोन यांनी चित्रे, संगीत, कोड आणि लेखन असे सर्व एकट्याने सांभाळून चार वर्षांहून अधिक काळ काम केले आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. दाखला खरा आहे, पण त्यावरून निर्णय घेऊ नये. तितकीच वर्षे घालवून काहीच हाती न लागलेल्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. मला दुसरी दोन उदाहरणे अधिक उपयोगी वाटतात. ‘सेलेस्ट’चे पहिले रूप चार दिवसांत, १२८ गुणिले १२८ पिक्सेल आणि १६ रंगांच्या पिको-८ या छोट्या मंचावर तयार झाले होते. ‘बाबा इज यू’ या कोड्यांच्या गेमचा जन्म २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे थोड्या वेळात छोटे गेम तयार करण्याच्या मेळाव्यात, झाला आणि पूर्ण गेम २०१९ मध्ये आला. दोन्ही ठिकाणी मोठे काम हाती घेण्यापूर्वी छोटे काम लोकांनी खेळून पाहिलेले होते.

तुमच्या पत्रात तीस पातळ्यांचा उल्लेख आहे, त्या कोणी खेळल्याचा नाही. नोकरीचा विचार सध्या बाजूला ठेवा. तीसांपैकी एक पातळी निवडा, शक्यतो मधली, कारण पहिली पातळी शिकवण्यातच खर्च होते. ती सुरुवातीच्या पडद्यापासून शेवटच्या आवाजापर्यंत पूर्ण करा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच-सहा जणांच्या हाती द्या. त्यासाठी लागलेल्या वेळाला तीसाने गुणले की उरलेल्या कामाचा ढोबळ अंदाज मिळेल, आणि ते लोक कोठे अडकले यावरून बाकीच्या एकोणतीसांतील किती पातळ्या ठेवायच्या, तेही ठरवता येईल. त्या नोंदी घेऊन पुन्हा पत्र पाठवा.