पॅनल उन्हात, पॉवरबँक सावलीत

अरे भटकंतीत मोबाईल चार्ज करायला पहिल्यांदाच सोलर चार्जर घेतोयस ना, मग ते पाठीवर छोटं पॅनल चिकटवलेलं पॉवरबँक नको घेऊस, 10000 एमएएच (बॅटरीची क्षमता) भरायला त्याला कितीतरी दिवस लागतात. 20 वॅटचं घडीचं पॅनल घे, कडक उन्हातही 12-15 वॅटच मिळतील असं धरून चाल, म्हणजे तेवढी बँक भरायला साधारण चार तास. भंडारदऱ्याला माझ्या पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली सरकली आणि तेवढ्यानेच चार्जिंग ठप्प, म्हणून दर तासाला उठून पॅनल सूर्याकडे फिरवत जा, आळस नको. बँक मात्र पॅनलच्या मागे सावलीतच ठेव, लिथियम तापलं की लवकर खराब होतं. पावसाळ्यात राजमाचीला जाणार असशील तर सोलरवर विसंबू नकोस, घरूनच फुल करून ने. आणि विमानात पॉवरबँक केबिन बॅगेतच ठेवायचं, 100 वॅट-अवरच्या (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) आतलं.