गावात फोटो काढण्यासारखं काहीच नाही, मग कम्पोझिशन, म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवायचं ते, शिकायचं कसं?

केळीच्या रावेर तालुक्यात राहून असं म्हणताय? मीही यावलकडे दोन वर्षं हेच रडगाणं गात होतो.

सूर्य कलला की केळीच्या बागेत जा. उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की पान आतून पेटल्यासारखं हिरवं दिसतं, शिरा मोजून घ्या. मग दोन ओळींच्या मधोमध चक्क खाली बसा. दोन्ही ओळी लांब जाऊन एका ठिकाणी मिळतात. आता खांद्यावर घड घेतलेला माणूस तिथून येईपर्यंत थांबायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड (स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या रेघा) लावून त्याला एका बाजूच्या उभ्या रेघेवर पकडा, मग मुद्दाम मधोमधही. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. नियम म्हणतो माणूस बाजूच्या रेघेवर हवा, पण मला अशा सरळ ओळींत मधलाच आवडतो.

हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, चक्कर मारा. एवढ्या लाल रंगाचा मोबाइलमध्ये नुसता डाग होतो. स्क्रीनवर बोट ठेवून फोटोचा उजेड कमी करा, मिरचीच्या सुरकुत्या दिसायला लागतात. निवडणाऱ्या बायांना आधी विचारा. आणि तोंडाला रुमाल बांधा, ठसक्याने हात हलतो!

उन्हाळ्यात १२ ते ४ बाहेर पडूच नका. तेव्हा घरातच दारातून येणारी तिरीप पकडा. तिच्यात भरिताचं एक वांगं ठेवा, बाकी सगळा अंधार. २० फोटो काढा, दर वेळी वांगं चौकटीत थोडं सरकवत.