आदिमानवांना जीवाश्म सापडायचे का, आणि सापडले तर ते त्यांचं काय करायचे?

सापडायचे की, आणि उचलून घरी म्हणजे गुहेत पण न्यायचे. स्पेनमध्ये बुर्गोसजवळ प्राडो वार्गास नावाची गुहा आहे, तिथे निअँडरथल (आता नामशेष झालेली आदिमानवांची एक जात) लोकांच्या काळच्या मातीच्या थरात १५ समुद्री जीवाश्म मिळालेत, शंखशिंपले वगैरे, थर साधारण ४० ते ५५ हजार वर्षं जुना. गंमत म्हणजे त्यातल्या एकावरच हातोडीसारखं वापरल्याच्या खुणा आहेत, बाकीच्यांचा कामासाठी वापर झालेला दिसत नाही, म्हणजे नुसता छंद म्हणूनच आणले असतील असं संशोधकांना वाटतं, आणि त्याच थरात लहान मुलाचा दुधाचा दात पण मिळालाय त्यामुळे हे पोरांचं काम असू शकतं असंही ते म्हणतात. मला तरी हे पटतं, पोरं दिसेल ते खिशात भरतातच (खिसे नसले तरी).

दागिने पण करायचे. फ्रान्सच्या आर्सी-स्युर-क्यूरच्या एका गुहेत भोकं पाडलेला ट्रायलोबाइटचा (कधीच नामशेष झालेला, कवचवाला समुद्री किडा) जीवाश्म मिळाला, गळ्यात अडकवायचा असणार, त्यावरून गुहेचं नावच ट्रायलोबाइटची गुहा पडलं.

इंग्लंडच्या वेस्ट टॉफ्ट्सची हातकुऱ्हाड (हातात धरायचं दगडी हत्यार) सगळे उदाहरण म्हणून दाखवतात, जिच्या मधोमध शिंपल्याचा जीवाश्म आहे. पण तो मुद्दाम राखला की योगायोगाने राहिला यावर वाद आहे, सो पुरावा म्हणून मी ती जरा मागेच ठेवेन.