तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : पहाडी आवाजाचा ब्रायन ब्लेस्ड

प्रश्न : परवा जुना 'फ्लॅश गॉर्डन' सिनेमा पाहिला. त्यात पंख लावलेला, दाढीवाला राजा आहे, जो "गॉर्डन्स अलाइव्ह?" असा ओरडतो की टीव्हीचा आवाज कमी करावा लागला! मुलगी म्हणाली हाच आवाज 'पेप्पा पिग' या लहान मुलांच्या कार्टूनमधल्या ग्रॅम्पी रॅबिटचा आहे, खरं का? आणि या नटाने सगळं करिअर नुसतं ओरडूनच केलं का?

उत्तर : मुलीचे कान एकदम तयार आहेत, दोन्ही आवाज ब्रायन ब्लेस्डचेच. 1936 साली यॉर्कशायरमधल्या मेक्सबरोला जन्म, वडील कोळसा खाणीत कामाला, पुढे ब्रिस्टल ओल्ड विकच्या नाट्यशाळेत शिक्षण. 1962 मध्ये बीबीसीची 'झेड कार्स' ही पोलिसांची मालिका सुरू झाली त्यात तो फॅन्सी स्मिथ नावाचा हवालदार झाला आणि घराघरात पोचला. सुरुवातीचे एपिसोड लाइव्ह जायचे, म्हणजे चुकलं तर चुकलं, रिटेक वगैरे काही नाही, त्यामुळे तिथे टिकलेला माणूस फक्त घशाच्या जोरावर टिकला असेल असं मला तरी वाटत नाही.

आता ओरडण्याचं. हो, ओरडतो, आणि काय ओरडतो! 1980 च्या 'फ्लॅश गॉर्डन'मधली ती एक ओळ आयुष्यभर त्याच्या मागे लागली, आणि डिस्नेच्या 'टारझन'मध्ये तर आवाज व्हिलनला, क्लेटनला दिला पण टारझनची ती प्रसिद्ध आरोळीसुद्धा त्याचीच. पण त्याला नुसता आवाज समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

1976 ची 'आय, क्लॉडियस' ही रोमन सम्राटांवरची टीव्ही मालिका बघा. त्यात तो सम्राट ऑगस्टस आहे. स्वतःच्या मुलीच्या भानगडी कळतात तेव्हा तो तिच्याशी नाव जोडलेल्या पुरुषांना रांगेत उभं करून एकेकाला जाब विचारतो, तिथे आवाज चढतो, आपल्याला हवं असतं तसंच. मग येतो त्याचा मृत्यू. विषाची भीती म्हणून म्हातारा फक्त स्वतः झाडावरून तोडलेले अंजीर खातोय, आणि बायको लिव्हियाने झाडावरच्याच अंजिरांना विष लावलंय. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो तो हलतच नाही, लिव्हियाचा फक्त आवाज ऐकू येतो, ती शांतपणे बोलत राहते आणि तो उशीवर पडून नुसता ऐकतोय, एक शब्द नाही. डोळे उघडेच असतात पण कधीतरी त्यातला माणूस निघून जातो, नेमका कधी ते मला चारपाच वेळा बघूनही पकडता आलेलं नाही. शेवटी तिचा हात येऊन डोळे मिटतो. इतका मोठा आवाज जवळ असताना तो पूर्ण बाजूला ठेवायला काय हिंमत लागत असेल!

बाकी रंगमंचावर लंडनच्या पहिल्या 'कॅट्स' या संगीतिकेत तो होता, 'ब्लॅक ॲडर' या विनोदी मालिकेत राजा, 'स्टार वॉर्स'मध्ये बॉस नासचा आवाज, यादी मोठी आहे. एव्हरेस्टवर तीनदा गेला, शिखर काही मिळालं नाही, पण 1993 मध्ये ऑक्सिजन न लावता 28,000 फुटांपर्यंत पोचला होता, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

प्रश्न : (त्याच वाचकांचा) मग आधी काय बघू?

उत्तर : 'आय, क्लॉडियस'ला वेळ लागेल, त्यामुळे आधी केनेथ ब्रॅनाचा 1996 चा 'हॅम्लेट' हा सिनेमा घ्या. चार तासांचा आहे पण घाबरू नका, ब्लेस्ड त्यात हॅम्लेटच्या बापाचं भूत आहे आणि तो सीन पहिल्या तासातच येतो. इंग्लंडातला सगळ्यात दणदणीत आवाज हाताशी होता आणि त्याच्याकडून ते सगळं कुजबुजत बोलून घेतलंय. हेडफोन लावा.